परळचा दामोदर हॉल : पाहावा असा, सांगावा असा

सहा डिसेंबरला गावोगावची आपली माणसे मुंबईला येतात. चैत्यभूमीला वंदन करतात, राजगृह पाहतात आणि गाडी पकडतात. परळ मात्र राहून जाते. बाबासाहेबांच्या चळवळीचा पाळणा ज्या गिरणगावात हलला, तो भाग मुलाबाळांना दाखवावा, असे आम्हांस वाटते.

परळच्या पोयबावडीत दामोदर ठाकरसी हॉल उभा राहिला तो 1922 च्या सुमारास. ना. म. जोशी यांनी 1911 साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगची ही वास्तू. दिवसभर साच्यावर राबणारा कामगार संध्याकाळी येथे नाटक पाही, तर कधी स्वतःच तोंडाला रंग लावून उभा राही. कोकणच्या चाकरमान्यांचे नमन आणि शक्ती-तुरा येथेच रंगत.

पण आपल्यासाठी ही जागा नाटकापुरती नाही. 9 मार्च 1924 रोजी बाबासाहेबांनी याच हॉलमध्ये सभा बोलावली. अस्पृश्यांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणारी संस्था हवी, असे तेथे ठरले आणि 20 जुलै 1924 रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. शिका, चेतवा, संघटित व्हा हे तिचे ब्रीद. तिची कचेरीही दामोदर हॉललाच होती. पुढच्याच वर्षी, 4 जानेवारी 1925 ला, सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. आज आपल्या घरांत जी पदवीची प्रमाणपत्रे टांगलेली आहेत, त्यांचे मूळ अशा कामात आहे.

2023 साली पुनर्विकासासाठी येथील प्रयोग बंद झाले. नाट्यगृह टिकावे म्हणून कलावंत रस्त्यावर उतरले. म्हणून नाटकाचा बेत करून निघण्याआधी चौकशी करावी. नाटक नसले तरी ती जागा पाहावीच.

जाताना एवढे ध्यानात ठेवावे. धीम्या लोकलने परळला उतरून पूर्वेकडे बाहेर पडावे. सहा डिसेंबरच्या गर्दीत लहान मुले व वृद्ध यांना घेऊन ही फेरी करू नये. दुसरा एखादा दिवस, तोही सकाळचा, बरा. पायांत साधी चप्पल आणि बरोबर पाण्याची बाटली असावी. परळच्याच बी. आय. टी. चाळ क्रमांक 1 मध्ये, दुसऱ्या मजल्यावरच्या 50 व 51 क्रमांकाच्या खोल्यांत, बाबासाहेब अनेक वर्षे राहिले. तेथे कुटुंबे नांदतात, हे विसरू नये. गलका करू नये, परवानगी घेऊनच वर जावे. मग नरे पार्क पाहावे. 24 मे 1956 च्या बुद्धजयंतीला याच मैदानावर बाबासाहेबांनी ऑक्टोबरमध्ये धर्मांतर करणार असल्याचे सांगितले होते.

इमारती पडतात, नव्या उठतात. त्यांत काय घडले हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितले नाही, तर पोरांना तिथे नुसती भिंत दिसेल. तेव्हा मुलांचा हात धरा आणि एकदा परळ चालून या. जयभीम!