खोडलेल्या तारखा

जून २०२० मध्ये आमचं लोणार जगभर गाजलं. सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं. एरवी या गावाकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या वाहिन्यांनी दिवसभर तीच दृश्यं दाखवली. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितलं, की खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात सरोवराला रामसर स्थळाचा दर्जाही मिळाला. गावाचं नाव झालं याचा आनंद होताच. पण त्याच दिवसांत आमच्या मोहल्ल्यातल्या एका घरात दोन ट्रम्पेट, एक युफोनियम, दोन क्लॅरिनेट, ढोल आणि ताशे जुन्या चादरींत गुंडाळून पडले होते. त्याची बातमी होण्यासारखं काही नव्हतं.

घर मास्टरचाचांचं. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, त्यांनाही ते आवडणार नाही. चाळीस वर्षांपासून त्यांची बँड पार्टी आहे. मेहकर, सुलतानपूर, रिसोड, तिकडे मंठ्यापर्यंत त्यांचा बँड जातो. छोटा हत्ती भाड्याने घ्यायचा, त्यात वाद्यं आणि माणसं कोंबायची, मे महिन्याच्या उन्हात लाल कोट घालून नवरदेवाचा परण्या मारुतीच्या पारापर्यंत वाजवत न्यायचा, पुन्हा मांडवात यायचं, जेवायचं आणि दुसऱ्या गावाला निघायचं. पार्टीत निम्मे मुसलमान, निम्मे मातंग समाजाचे. वाजवणं तीन-चार पिढ्यांचं. वाचता येणारी नोटेशनची वही कुणाकडेच नाही, सगळं कानावर.

चाचांकडे वही आहे ती तारखांची. शाळेच्या वहीसारखीच, दोनशे पानी. डाव्या बाजूला तारीख आणि गाव, मधे यजमानाचं आडनाव, उजवीकडे ठरलेली रक्कम आणि त्याखाली इसार किती आला तो आकडा. कार्यक्रम झाला की बाजूला बरोबरची खूण, मोडला की संपूर्ण ओळीवर आडवी रेघ. २०२० ची वही मी पाहिली आहे. मार्चपासून जूनपर्यंत रेघाच रेघा.

पहिली रेघ सैलानीची. पिंपळगाव सराईला सैलानी बाबांची यात्रा होळीच्या सुमारास भरते. आपल्या बुलडाणा जिल्ह्यातलीच नव्हे, राज्याबाहेरचीही माणसं येतात, हिंदू-मुसलमान दोन्ही. संदल, चादरी, कव्वाल्या, ताशे. वाजवणाऱ्यांची वर्षाची सुरुवातच तिथून होते. मार्च २०२० मध्ये ती यात्रा कोरोनामुळे रद्द झाली. लाखोंची गर्दी जमू द्यायची नाही हा निर्णय योग्यच होता, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मग २५ मार्चला गुढीपाडवा आला, तो देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात पाडव्याच्या सुमाराला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येऊन आपल्या जत्रेची सुपारी देतात, आणि तिथे जे ठरतं त्यावर फडातल्या माणसांचं वर्ष निघतं. त्या वर्षी जत्राच नव्हत्या, तर सुपाऱ्या कुठल्या? २६ एप्रिलला अक्षय्य तृतीया, २५ मेला ईद. दोन्ही घरातच. पुढचं वर्षही तसंच. एप्रिल २०२१ मध्ये लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास अशी मर्यादा आली. पंचवीस माणसांत बँडचेच पंधरा कोण मोजणार? योगायोग असा, की २०२१ मध्ये ईद आणि अक्षय्य तृतीया एकाच दिवशी आल्या, १४ मेला. चाचांच्या वहीत त्या तारखेसमोर काही लिहिलेलंच नव्हतं. खोडण्यापुरतंही नाही.

लग्न मोडलं, पुढे ढकललं किंवा घरातल्या घरात उरकलं, की बँडवाल्याचं काय होतं हे समजायला इसाराचा हिशोब समजावा लागतो. दिवाळीनंतर, तुळशीचं लग्न लागलं, की तारखा धरल्या जायला लागतात. यजमान इसार देतो, एकूण रकमेच्या पाव किंवा त्याहून कमी. हे पैसे चाचांच्या पेटीत राहत नाहीत. चांगला ताशावाला, चांगला क्लॅरिनेटवाला दुसऱ्या पार्टीकडे जाऊ नये म्हणून त्याला उचल द्यावी लागते. मेरठच्या जली कोठीतून, जिथे देशभरातल्या बँडची पितळी वाद्यं बनतात, तिथून एखादं वाद्य किंवा सुटे भाग मागवावे लागतात. कोट शिवावे लागतात. म्हणजे मार्चमध्ये लग्न रद्द होतं तेव्हा इसार कधीच खर्च झालेला असतो. तो ताशावाल्याच्या घरी किराणा होऊन संपलेला असतो.

यजमानांचे फोन सुरू झाले. कुणी समजुतीने, कुणी रागाने, पण मागणी एकच. एका हिंदू पाटलांनी सांगितलं, मास्तर, असू द्या, पुढच्या वर्षी धाकट्याचं लग्न आहे, त्यात धरा. बाकीच्यांना परत हवा होता. त्यांचीही ओढाताण होती, हे मान्य.

चाचांनी इसार परत केला. सगळ्यांचा. एकदम नाही, पण दीड वर्षात एक एक करून. म्हणाले, "बेटा, बयाणा तो अमानत है. काम नहीं हुआ तो अपना कैसा?" त्यासाठी चाचीच्या हातातल्या पाटल्या गेल्या, आणि एक ट्रम्पेटही विकलं. वाजवणाऱ्यांना दिलेली उचल मात्र त्यांनी कुणाकडून मागितली नाही. मागून मिळालीही नसती.

मी तेव्हा जरा शोधत बसलो. शरियतमध्ये अशा बयाण्याला अर्बून म्हणतात. सौदा पुरा झाला नाही तर देणाऱ्याची ती रक्कम घेणाऱ्याने ठेवून घ्यावी का, यावर जुना मतभेद आहे. हनफी, मालिकी आणि शाफई फिकहात हे अमान्य, हंबली फिकहात मान्य. १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने, मुदत ठरलेली असेल तर अर्बून चालेल असा ठराव केला. आपल्याकडे बहुतेक हनफी, म्हणजे चाचांनी पुस्तक न वाचता जे केलं ते आपल्या मसलकाला धरूनच होतं.

देशाचा कायदाही साधारण तेच सांगतो. १८७२ चा भारतीय करार कायदा कुणी उघडून पाहावा. त्यातल्या कलम ५६ नुसार, कुणाच्या हातात नसलेल्या कारणाने काम अशक्य झालं तर करार रद्दबातल होतो, आणि कलम ६५ नुसार घेतलेला लाभ परत करावा लागतो. गंमत अशी, की कायदा लिहिणाऱ्यांनी कलम ६५ खाली उदाहरण घेतलंय ते गाणाऱ्याचंच. हजार रुपये आगाऊ घेतलेला गायक आजारी पडला, तर संयोजकाच्या बुडालेल्या नफ्याची भरपाई त्याने द्यायची नाही, पण ते हजार रुपये परत करायचे. त्याच्या आधीच्या उदाहरणातही गायिकाच आहे, ती एका रात्री मुद्दाम गैरहजर राहते. या कल्पनेचं मूळही एका मोडलेल्या मैफलीतच आहे. १८६१ मध्ये लंडनचं सरे गार्डन्समधलं संगीतगृह कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी जळून गेलं, आणि १८६३ मध्ये न्यायालयाने जागावाला आणि संयोजक दोघांनाही मोकळं केलं. दोघांचाही दोष नाही, दोघांनीही आपापलं नुकसान सोसावं. वाचताना मला एवढंच जाणवलं, की त्या निकालात आणि त्या उदाहरणांत गायक आहे, संयोजक आहे, जागेचा मालक आहे. मागे बसून वाजवणारे नाहीत. ज्याच्या नावावर करारच नाही, त्याचं नुकसान कुठल्या कलमात धरणार?

मोठ्या कलावंताची तारीख मोडते तेव्हा चार माणसं बोलतात. ऑक्टोबर २०१५ मध्ये मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात गुलाम अली यांचा कार्यक्रम होता, जगजित सिंग यांच्या स्मरणार्थ. शिवसेनेच्या विरोधानंतर तो रद्द झाला. फार वाईट झालं, आणि त्यावर देशभर लिहिलंही गेलं. दिल्लीतून, कोलकात्यातून आमंत्रणं आली, आणि जानेवारी २०१६ मध्ये ते कोलकात्यात गायले. लोणारच्या क्लॅरिनेटवाल्याची तारीख गेली तर त्याला दुसऱ्या राज्याचा मुख्यमंत्री बोलावत नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. त्याला फक्त त्याचा रोज मिळाला असता तरी पुरे होतं.

मदत आली नाही असंही नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्य सरकारने ५६ हजार कलावंतांना प्रत्येकी ५ हजार रुपये देण्याचा निर्णय घेतला. मी चाचांना घेऊन फॉर्म भरायला गेलो. ऑनलाइन सेंटरवरच्या मुलाने विचारलं, कलाप्रकार काय लिहू? चाचा म्हणाले, बँड. मुलगा म्हणाला, ते कलेत येतं का? पुरावा म्हणून चाचांकडे प्रमाणपत्र नव्हतं, सत्काराचा फोटो नव्हता, वही होती. वहीतल्या शेवटच्या पानांवर तर नुसत्या रेघा. चाचांनीच मग वही मिटली आणि म्हणाले, चल, अस्रची वेळ झाली.

इथपर्यंतचं सगळं एका रोगामुळे झालं. त्यात कुणाला दोष देता येत नाही, आणि चाचांनीही दिला नाही. त्यानंतर जे झालं त्याबद्दल मात्र बोलायला हवं, कारण ते आपल्या घरातलं आहे.

महाराष्ट्रातल्या अनेक गावांत आता जमाती ठराव करतात, की लग्नात डीजे किंवा बँड असेल तर काझी निकाह पढवणार नाहीत. यामागचा हेतू मला पटतो. हुंडा, हॉल, डीजे, बिर्याणीच्या देगा यांत कर्ज काढणारी घरं मी पाहिली आहेत. डीजेने तर म्हाताऱ्या माणसांची छाती धडधडते. पण ठरावाच्या एकाच वाक्यात डीजे आणि बँड शेजारी शेजारी बसतात, आणि तेवढ्यानेच पंधरा माणसांच्या तारखा जातात. डीजेवाल्याची गाडी दुसरीकडे लागते. त्याला दोन माणसं आणि एक जनरेटर पुरतो. बँडला आधीच त्याने निम्मं खाल्लंय. संगीत जायज की नाजायज हा वाद उलेमांचा, आणि तो फार जुना आहे. मी त्यात पडत नाही. माझा प्रश्न ठरावाच्या तारखेचा आहे. भर लगीनसराईत शुक्रवारी ठराव झाला, आणि रविवारच्या लग्नाचा बँड शनिवारी रद्द झाला, तर ते कोरोनासारखं आहे का? पाणी कुणी गुलाबी केलं नव्हतं, टाळेबंदी कुणी मोहल्ल्यात ठरवली नव्हती. हे मात्र आपण ठरवलं. सूरह माइदाची सुरुवातच करार पाळण्याच्या हुकमाने होते. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी ही हदीस तर आपण प्रत्येक तकरीरीत ऐकतो. ज्याला आपण घामच गाळू दिला नाही, त्याचं काय, हे कुणी सांगत नाही.

आमच्याकडेही असा ठराव आला. जुम्मानंतर बैठक होती. मी म्हटलं, ठराव करायचाच तर पुढच्या हंगामापासून करा, आणि ज्यांनी इसार दिलाय त्यांनी ठरलेली रक्कम तरी पुरी करावी. एक बुजुर्ग म्हणाले, वाजवण्याच्या कमाईची एवढी वकिली कशाला? मी म्हटलं, त्याच कमाईतून मशिदीच्या बोअरवेलला पैसे आले होते, तेव्हा पावती फाडली होती ना? जरा गरमागरमी झाली. शेवटी कुणीतरी चाचांनाच बोलावून घेतलं. ते वही घेऊन आले, दाराजवळ बसले. म्हणाले, जमात जे ठरवेल ते मंजूर, माझी एकच अर्ज आहे, दिलेल्या जबान पुऱ्या होऊ द्या. आमच्या लोकांतल्या सात तारखा आहेत, त्या वाजवतो, मग निकाहात वाजवणार नाही. बाकीच्या हिंदू भावांच्या तारखा आहेतच.

ठराव बकरी ईदनंतर लागू करायचं ठरलं. तरी सातातल्या तिघांनी आपणहून बँड रद्द केला. दोघांनी इसारही परत मागितला, आणि चाचांनी तो दिला. तिसऱ्या घरातून लग्नाच्या आदल्या रात्री चाचांच्या मुलाच्या फोनवर पूर्ण रक्कम आली. सोबत फोन नाही, निरोप नाही. चाचा सकाळी माझ्याकडे आले. वाजवलं नाही त्याचे पूर्ण पैसे कसे घ्यायचे, म्हणाले. मी म्हटलं, तारीख तुम्ही त्यांच्यासाठी रिकामी ठेवली होती, त्या दिवशीची मंठ्याची ऑर्डर सोडली होती, हक्क आहे तुमचा. त्यांना ते पुरतं पटलं नाही. त्यांनी मुलाकडून अर्धी रक्कम परत पाठवली. उरलेल्या अर्ध्यातून दोन ताशावाल्यांचा त्या दिवसाचा रोज दिला आणि क्लॅरिनेटचे उंदरांनी कुरतडलेले पॅड बदलून घेतले.