दुपारची शाळा

लखनौ हे बोलण्यासाठी प्रसिद्ध असलेले शहर आहे. समोरच्याला 'पहले आप' म्हणत स्वतः मागे राहण्याची तेथील रीत इतकी गाजली, की तिच्यावर विनोदही तितकेच रचले गेले. दोन नवाब डब्याच्या दाराशी एकमेकांना वाट देत उभे राहतात आणि गाडी निघून जाते, हा त्यांतला बहुधा सर्वांत जुना. परंतु जिथे बोलण्याचे संस्कार इतके सूक्ष्म असतात, तिथे काय बोलायचे नाही याचेही संस्कार तितकेच पक्के असतात. घरातले दुःख उंबऱ्याबाहेर नेणे ही त्या तहजिबीत मोठी बेअदबी होय. ही तहजीब हवेल्यांत वाढली खरी. तिचा हा एक नियम मात्र चिकनच्या कापडावर टाके घालीत बसणाऱ्या बायकांच्या अंधाऱ्या खोल्यांपर्यंत उतरला. हवेलीची नजाकत तिथवर पोचली नाही, मौन तेवढे पोचले.

हे मौन मोडण्याचा एक प्रसंग वाङ्मयेतिहासाला ठाऊक आहे. १९३२ च्या डिसेंबरात लखनौत 'अंगारे' हा उर्दू संग्रह प्रसिद्ध झाला आणि पुढल्या मार्चमध्ये संयुक्त प्रांताच्या सरकारने तो जप्त केला. त्यातील चार लेखकांपैकी रशीद जहाँ ही एकच स्त्री. ती लखनौच्या इझाबेला थोबर्न कॉलेजात शिकलेली, पुढे दिल्लीत वैद्यकाचे शिक्षण घेतलेली. 'पर्दे के पीछे' या तिच्या एकांकिकेत एक खानदानी स्त्री आपल्या शरीराची, लागोपाठच्या बाळंतपणांची आणि नवऱ्याच्या धाकाची हकीकत सांगते. सांगते तीही दुसऱ्या एका स्त्रीला. यापलीकडे त्या एकांकिकेत फारसे काही घडत नाही. पण एका बाईने सांगितले आणि दुसरीने ऐकले, एवढ्यानेच ते पुस्तक अनेकांना असह्य झाले. समीक्षकांनी या संग्रहाची चर्चा बहुधा बंडखोरीच्या अंगाने केली. ऐकणाऱ्या स्त्रीकडे त्यांचे लक्ष त्या मानाने कमीच गेले. वस्तुतः ऐकणारे माणूस समोर असल्यावाचून सांगणे संभवतच नाही, हे तिच्यामुळेच कळते.

या ऐकण्याची एक शाळा त्याच शहरात, गोमतीपलीकडच्या गोमतीनगरात, २००३ साली सुरू झाली. 'प्रेरणा' हे तिचे नाव. सकाळी तेथे 'स्टडी हॉल' ही फी भरणाऱ्या कुटुंबांतील मुलांची शाळा भरते; तिची स्थापना १९८६ ची. दुपारी त्याच इमारतीत, त्याच बाकांवर आसपासच्या वस्त्यांतील मुली येतात. ही दुपारची वेळ केवळ जागेच्या सोयीपुरती नाही. यांतल्या पुष्कळ मुली सकाळी दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करतात, धाकटी भावंडे सांभाळतात, पाणी भरतात. सकाळची शाळा त्यांच्यासाठी जवळजवळ नसल्यासारखीच. मराठी मुलखाला परिचित असलेल्या ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी कोसबाडच्या टेकडीवर गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी शाळाच कुरणात नेली होती. दोन्ही ठिकाणी मुलाने शाळेच्या वेळापत्रकात बसावे असा हट्ट नाही. वेळापत्रक मुलाच्या दिवसात बसवले गेले. गळतीची कारणे शोधणाऱ्या जाड अहवालांना हे साधे शहाणपण फार उशिरा सुचते.

दोन्ही शाळांच्या संस्थापक उर्वशी साहनी. नात्यातील एका तरुण विवाहित बहिणीचा मृत्यू त्यांच्या कामाच्या मुळाशी आहे. पुढे त्यांनी बर्कलीच्या विद्यापीठात शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि 'प्रेरणा'चा अनुभव २०१७ साली 'रीचिंग फॉर द स्काय' या इंग्रजी ग्रंथात मांडला. ग्रंथाची भाषा काही ठिकाणी शास्त्रीय परिभाषेने जड झाली आहे. पण मुलींच्या जीवनकथा येतात तिथे ती आपोआप हलकी होते. वडिलांचे दारूचे व्यसन, आईला होणारी मारहाण, शिक्षण अर्धवट असताना ठरलेले लग्न, हे धागे कथेकथेतून पुन्हा पुन्हा येतात. पुनरावृत्ती हा साहित्यकृतीत दोष मानला जातो. इथे तोच पुरावा आहे.

या शाळेत गणित, विज्ञान, भाषा हे नेहमीचे विषय आहेतच आणि बोर्डाची परीक्षाही आहे. त्याखेरीज एक तास असा, की ज्यात मुली आणि शिक्षिका वर्तुळ करून बसतात आणि बोलतात. साहनी त्याला चिकित्सक संवाद म्हणतात. ब्राझीलचे शिक्षणचिंतक पावलो फ्रेरे यांचे ऋण त्यात उघड आहे. घरात शेवटी कोण जेवते, बाहेर जायला कोणाची परवानगी लागते, लग्नाचा निर्णय कोण करते, मार खाल्ल्यावर गप्प का बसायचे, अशा जातीचे प्रश्न तिथे निघतात. उत्तरे शिक्षिकेच्या वहीत आधी लिहिलेली नसतात. नाटकही होते: मुली आपल्याच आयुष्यातले प्रसंग उभे करतात, एक बाप होते, एक सासू होते, आणि मग तोच प्रसंग वेगळा कसा घडू शकला असता हे पुन्हा करून पाहतात. मराठी शाळेच्या स्नेहसंमेलनातील नाटकापेक्षा हा प्रकार अगदी निराळा. इथे टाळ्या हा हेतूच नाही.

जगभर आता या गोष्टीला 'सामाजिक-भावनिक शिक्षण' असे नाव पडले आहे. १९९४ साली अमेरिकेत काही मानसशास्त्रज्ञ व शिक्षणतज्ज्ञांनी ही संज्ञा रूढ केली. पुढच्याच वर्षी डॅनियल गोलमन यांच्या 'इमोशनल इंटेलिजन्स' या पुस्तकाने ती घरोघर नेली. स्वतःच्या भावना ओळखणे, त्या आवरणे, दुसऱ्याचे मन जाणणे, नाती सांभाळणे, जबाबदारीने निर्णय घेणे, असे तिचे पाच पैलू सांगितले जातात. दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१८ च्या जुलैत नर्सरी ते आठवीपर्यंत आनंदाचा अभ्यासक्रम सुरू झाला, त्याच्या उद्घाटनाला दलाई लामा होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही हा शब्दप्रयोग येऊन बसला. हेतू सर्वत्र चांगलाच आहे. ज्या मुलाच्या मनात भीती भरली आहे त्याच्या डोक्यात भूगोल शिरत नाही, हे समजायला कोणत्याही प्रयोगशाळेची गरज नव्हती. पण व्यवस्थेने ते कागदावर मान्य केले, हेही थोडे नव्हे.

प्रश्न पुढचा आहे. भावना आवरायला शिकवायचे म्हणजे कोणाला काय आवरायला सांगायचे? सुस्थितीतील घरातला मुलगा खेळात हरल्यावर चिडतो, त्याने दहापर्यंत अंक मोजावेत हे ठीक. पण ज्या मुलीला रात्री बापाच्या पायरवाची भीती वाटते तिला डोळे मिटून श्वासावर लक्ष केंद्रित करायला सांगितले, तर शाळा नेमके काय करते? ती भीती खरी आहे, रास्त आहे. भीतीचे कारण घरात उभे आहे. ते कारण जागेवर ठेवून भीती तेवढी शमवायची, म्हणजे जुन्या तहजिबीचीच नवी आवृत्ती काढणे. सोशिकपणाचे धडे भारतीय मुलीला कधीच कमी पडले नाहीत. त्यांची नव्या परिभाषेत उजळणी करण्यासाठी स्वतंत्र तासाची गरज नाही. 'प्रेरणा'चे वेगळेपण इथे आहे. तेथे रागाला आधी नाव दिले जाते, मग त्याचे कारण शोधले जाते, आणि हे कारण वर्तुळातल्या अनेक घरांत सारखेच आहे हे मुलींच्याच ध्यानात येते. आपले दुःख आपल्या एकटीच्या नशिबाचे नाही, हे एकदा उमगले, की दुःखाचा भार कमी होतोच असे नाही, पण लाज कमी होते.

मराठी वाचकाला इथे १८५५ साल आठवावे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या सुमारे चौदा वर्षांच्या मातंग मुलीचा निबंध त्या वर्षी 'ज्ञानोदया'त छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तो निबंध दलित साहित्याच्या आरंभी ठेवला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु तो एका वर्गखोलीचाही पुरावा आहे. इतक्या लहान वयाची, जेमतेम तीन वर्षे शिकलेली मुलगी आपल्या लोकांच्या हालांचा जाब मागते, धर्मालाच प्रश्न विचारते, तेव्हा तिला केवळ अक्षरे शिकवली गेली नव्हती हे उघड आहे. तिचे ऐकणारे कोणीतरी तिथे होते. त्यानंतरच्या दीडशे वर्षांत मराठी शाळांनी निबंध हा प्रकार 'माझा आवडता ऋतू'पर्यंत आणून पोचवला, ही खेदाची गोष्ट आहे. अमळनेरच्या छात्रालयात हस्तलिखित दैनिक काढणारे, मुलांची पडेल ती कामे स्वतः करणारे साने गुरुजी हा अपवाद; त्यांच्या नावावर हळवेपणाचा शिक्का मारून आपण त्यांच्यातील शिक्षकाला मात्र सोयीस्करपणे बाजूला सारले.

अपवाद म्हणून सोडून देता न येणारी अडचण अशी, की असे काम अभ्यासक्रमात बसवता येते का? लखनौलाच या प्रश्नाचे एक जुने उदाहरण आहे आणि ते एका मराठी माणसाचे आहे. विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ साली तेथे मॅरिस कॉलेज ऑफ म्युझिक उभे करण्यात पुढाकार घेतला. उस्तादांच्या घरात कंठाकडून कंठाकडे जाणारी विद्या त्यांनी स्वरलिपीत उतरवली, क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत घातली आणि वर्गात शिकवण्याजोगी केली. लिपीत मींड उतरत नाही, वर्गातून गवई निघत नाही, अशी टीका झाली आणि ती सर्वस्वी खोटी नव्हती. पण ज्याला कोणत्याही घराण्याचा दरवाजा उघडला नसता, त्याच्या हातात बंदिश आली. पुढे श्रीकृष्ण रातंजनकरांसारखा गाणारा प्राचार्य त्या कॉलेजला दीर्घकाळ लाभला, म्हणून लिपीत न उतरलेलेही बरेच काही तेथे टिकले. करुणेचे आणि ऐकण्याचे पाठ लिहून काढता येतील. कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयांसारख्या सरकारी निवासी शाळांतील शिक्षिकांपर्यंत ही संवादपद्धती नेण्याचा प्रयत्न साहनींच्या संस्थेने केलाही आहे. मात्र हस्तपुस्तिका हाती असलेली शिक्षिका स्वतः मार खाऊन गप्प बसणारी असेल, तर ती वर्तुळात बसून काय विचारणार? म्हणून 'प्रेरणा'त शिक्षिकांनाही त्याच संवादातून जावे लागते. ही या कामातील सर्वांत कमी चर्चिली गेलेली आणि कदाचित सर्वांत कठीण बाजू होय.

दुसरी कठीण बाजू संध्याकाळची. दुपारी वर्तुळात बोललेली मुलगी संध्याकाळी त्याच घरी परतते. तिला बोलते केले आणि मग तिला एकटी सोडली, तर ते क्रौर्यच ठरेल. अशा शाळांवर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांत हा सर्वांत वजनदार आहे. त्याला उत्तर शब्दांनी देता येत नाही. लग्न ठरल्याची कुणकुण लागली, की शिक्षिका घरी जातात, आईशी बोलतात, बापाला समजावतात, गरज पडल्यास कायद्याची आठवण देतात. मुलीच्या लग्नाचे वय अठरा, आणि २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा पाठीशी आहे. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची हमी सहा ते चौदा या वयापुरतीच. चौदा ते अठरा या चार वर्षांत मुलीला शाळेत ठेवणारा कायदा नाही, आणि वस्तीत तिच्यासाठी स्थळे याच चार वर्षांत पाहिली जातात. ही फट कायद्याने ठेवली. ती बुजवायला एखादी शिक्षिका छत्री घेऊन चिखलातून वस्तीत जाते. आई बहुधा तिच्या बाजूची असते, उघडपणे मात्र नसते.

आणि भाऊ? मुलींनी इतके बोलल्यावर त्यांच्या भावांविषयी प्रश्न निघणे अपरिहार्य होते. बहिणीला बाजारात जायला मज्जाव करणारा, तिच्या फोनवर नजर ठेवणारा चौदा वर्षांचा मुलगाही त्याच घरात मार खात असतो. त्याला फक्त रडण्याची मुभा नसते. पुढे मुलांसाठीही 'प्रेरणा'ची शाळा निघाली आणि तेथेही वर्तुळ मांडले गेले. मर्द म्हणजे काय, हा त्या वर्तुळातला प्रश्न मुलींच्या कोणत्याही प्रश्नापेक्षा अवघड आहे, कारण या संवादात मुलींना काही मिळवायचे असते आणि मुलांना काही सोडायचे असते.