पंचवीस पिनांचा राखणदार

संगणकाच्या पाठीमागे, प्रिंटरच्या केबलच्या आधी, दोन बोटे रुंदीचा प्लास्टिकचा एक ठोकळा बसवलेला असे. कंपन्यांच्या कागदांवर तो 'हार्डवेअर लॉक' किंवा 'डोंगल' होता. डीटीपीच्या दुकानात नुसता 'लॉक'. श्रीलिपी, आयएसएम, टॅली, ऑटोकॅड अशी कितीतरी सॉफ्टवेअर त्याला विचारल्याशिवाय उघडत नसत. ज्या पॅरलल पोर्टवर तो बसे तो पोर्टच नव्या संगणकांवरून नाहीसा झाला आणि त्याच्याबरोबर हाही गेला. जाण्याची तारीख कुणी नोंदवली नाही. त्याने केलेली सेवा तरी नोंदवून ठेवली पाहिजे.

त्याच्या कुळाचा मूळपुरुष इंग्लंडचा. पीट डाउसन यांनी कमोडोर पेट या संगणकासाठी 'वर्डक्राफ्ट' नावाचे लेखनाचे सॉफ्टवेअर लिहिले होते. त्याच्या रक्षणासाठी १९८० साली ग्रॅहम हेगी यांनी शिफ्ट रजिस्टरची एक साधी चिप घेऊन हे उपकरण तयार केले. ते कॅसेट जोडायच्या जागेत बसत असे. म्हणजे या घराण्याच्या पहिल्या पुरुषाने राखण केली ती लिहिण्याच्याच साधनाची, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पुढे कॅलिफोर्नियात रेनबो टेक्नॉलॉजीजचा 'सेंटिनल', १९८५ साली स्थापन झालेल्या इस्रायलच्या अलादीन कंपनीचा 'हास्प' आणि १९८९ पासून जर्मनीतल्या कार्ल्सरूहे शहरातली विबू सिस्टिम्स अशा त्याच्या शाखा पसरल्या.

त्याचे काम थोडक्यात सांगता येते. सॉफ्टवेअर सुरू होताना पोर्टवर एक संख्या पाठवी. लॉकमधली चिप तिच्यावर आपली ठरलेली प्रक्रिया करून उत्तर परत देई. उत्तर जुळले की काम सुरू. हीच विचारपूस मधूनमधून पुन्हा होई, म्हणून सॉफ्टवेअर उघडल्यावर लॉक काढून नेता येत नसे. त्याला स्वतःची बॅटरी नव्हती. पोर्टच्या सिग्नलच्या तारांतून मिळेल तेवढ्या विजेवर तो भागवी आणि प्रिंटरसाठी आलेला मजकूर तसाच पुढे जाऊ देई. एका बाजूला पंचवीस पिना, दुसऱ्या बाजूला पंचवीस भोके, मध्ये हा. छापून आलेल्या कागदावर त्याची कसलीही खूण नसे.

महाराष्ट्रात तो आला तेव्हा छपाईचा धंदा कूस बदलत होता. खिळे जुळवणारे जुळारी हळूहळू कमी होत होते आणि पाने मांडण्याचे पेजमेकर हे सॉफ्टवेअर येत होते. पुण्यात १९८८ साली सी-डॅक स्थापन झाली; आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले भारतीय लिप्यांचे 'जिस्ट' तंत्रज्ञान तिथे वाढले. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी गावोगावच्या छापखान्यांत पोचली. या मराठी सॉफ्टवेअरच्या खोक्यात फ्लॉपी, पुढे सीडी, कळफलकाचा तक्ता, फॉन्टची पुस्तिका आणि कागदात गुंडाळलेला लॉक असे. खोके उघडताच दुकानदार आधी लॉक हातात घेई. बाकीचे पुन्हा मिळू शकत होते, हा एकच मिळणार नव्हता.

त्याची गरज का पडली, ते समजून घ्यायला अक्षरांच्या व्यवहाराकडे पाहावे लागते. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याच्या काळापासून मराठी टाइप वजनावर विकला गेला. शिशाचा खिळा झिजे, तुटे, पुन्हा घ्यावा लागे. त्या पैशातून पंच कोरणाऱ्याचा, ओतारी कामगाराचा संसार चाले. फ्लॉपीवर आलेल्या अक्षराला वजनच नव्हते. एकाकडून दुसऱ्याकडे ते क्षणात जाई, आणि देणाऱ्याला किंवा घेणाऱ्याला त्यात काही वावगे वाटण्याचे कारणही नव्हते, कारण पदार्थ नसलेल्या वस्तूचे मोल करायची सवय आपल्याकडे कुणालाच नव्हती. लॉकने त्या अक्षरांना पुन्हा वजन दिले. त्याचे हे ऋण मला सर्वांत मोठे वाटते.

कारण त्या अक्षरांमागे कष्ट होते. त्या काळच्या फॉन्टमध्ये सगळी मिळून २५६ घरे, त्यांतलीही काही वापरता न येणारी. एवढ्यात देवनागरी बसवायची. 'क्ष', 'ज्ञ', 'द्ध', 'श्र' यांना स्वतंत्र घरे हवीत. 'ग'वरची वेलांटी 'ळ'वर आखूड पडते, म्हणून वेलांट्या वेगवेगळ्या रुंदीच्या हव्यात. रफार नुसता आला तर एका जागी, अनुस्वारासह आला तर जरा सरकून. हे सगळे कुणीतरी कागदावर रेखाटले, पडद्यावर गिरवले, छापून पाहिले आणि पुन्हा सुधारले. मराठी सॉफ्टवेअरची बाजारपेठ लहान होती. विकलेल्या प्रत्येक प्रतीचा पैसा परत येणे गरजेचे होते, तरच पुढचा फॉन्ट निघणार. पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर, लग्नपत्रिकांवर, दुकानांच्या पाट्यांवर नव्वदच्या दशकात अक्षरांची जी विविधता अचानक दिसू लागली, तिचा खर्च ज्या मार्गाने भागला त्या मार्गावर हा ठोकळा उभा होता.

त्याची देखभाल करणारे हातही आठवले पाहिजेत. 'लॉक लागत नाही' असा फोन गेला की कंपनीचा मुलगा बॅग घेऊन दुकानात येई. पहिला प्रश्न ठरलेला : प्रिंटर चालू आहे का? बंद प्रिंटर तारांवरची वीज ओढून घेई आणि लॉकला उत्तर देण्याइतके बळ उरत नसे. मग बायोसमध्ये जाऊन पोर्टची पद्धत बदलून पाहायची. मग दोन्ही बाजूंचे स्क्रू सोडवून, पिना कोरड्या ब्रशने झाडून, वाकलेली पिन चिमट्याने सरळ करून लॉक पुन्हा बसवायचा. काही दुकानांत एकामागे एक दोन-तीन लॉक असत, श्रीलिपीचा, टॅलीचा, शेवटी प्रिंटरची केबल. ही रांग इतकी लांब होई की टेबल भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवावे लागे. कुणाच्या मागे कोण बसले की दोघेही चालतात, हे ऑपरेटरला अनुभवाने माहीत असे. तो क्रम बदलायची कुणाला परवानगी नसे.

दिवाळी अंकांच्या दिवसांत त्याचा खरा कस लागे. दिवसपाळीचा ऑपरेटर उठला की रातपाळीचा बसे, आणि पहाटेपर्यंत बटर पेपरवर पाने निघत राहत. एक संगणक बिघडला तर लॉक काढायचा, शेजारच्या संगणकाला लावायचा, काम पुढे चालू. त्याने कधी यंत्र बदलल्याची हरकत घेतली नाही. ज्याच्या हातात तो असे त्याचा हक्क तो मान्य करी. त्याला इंटरनेट लागत नव्हते, फोनलाइन लागत नव्हती, कुठल्या दूरच्या सर्व्हरची परवानगी लागत नव्हती. तालुक्याच्या गावी भारनियमनाच्या वेळा सांभाळून चालणाऱ्या छापखान्याला हा केवढा आधार होता! परवान्याची आजची कुठलीही पद्धत या एका बाबतीत त्याच्या तोडीची नाही, असे माझे मत आहे.

रात्री दुकान बंद करताना मालक तो काढून गल्ल्याच्या खणात ठेवत. हरवला तर बहुतेक वेळा सॉफ्टवेअर नव्याने विकत घ्यावे लागे, म्हणून रोख रकमेइतकीच त्याची काळजी घेतली जाई.

मग काळ बदलला. विंडोजच्या नव्या आवृत्त्यांनी पोर्टशी थेट बोलण्याची मुभा सॉफ्टवेअरला ठेवली नाही. लॉकसाठी वेगळा ड्रायव्हर लागू लागला. यूएसबी आले आणि त्याची धाकटी भावंडे नखाएवढी होऊन पुढच्या बाजूला बसली. विंडोज २००० सोबत र. कृ. जोशी यांनी घडवलेला 'मंगल' फॉन्ट आला आणि युनिकोडमधले मराठी कुठल्याही कुलपाशिवाय संगणकात उमटू लागले. पुढे मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्त', 'बलू' यांसारखे फॉन्ट सर्वांना मोफत खुले झाले. अडोबीने २०१३ पासून आपली नवी सॉफ्टवेअर वर्गणीवर द्यायला सुरुवात केली. सेंटिनल आणि हास्प ही एकेकाळची प्रतिस्पर्धी घराणी आधी सेफनेट आणि आता थेल्स या कंपनीच्या छताखाली एकत्र नांदतात. संगीताच्या क्षेत्रात जिने ही परंपरा दीर्घकाळ सांभाळली त्या हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीनेही २०२५ साली आपली डोंगलवर आधारलेली परवाना-सेवा थांबवली. काही यंत्रांना आणि महागड्या सॉफ्टवेअरना यूएसबीचे लॉक आजही लागतात. पंचवीस पिनांचा थोरला मात्र आता नाही.

त्याच्या राखणीत जुळवलेला मजकूर मागे राहिला आहे. त्या फाइलींतले 'क' म्हणजे त्या फॉन्टपुरते ठरवलेल्या एखाद्या घराचा क्रमांक. फॉन्ट बदलला की पानभर रोमन अक्षरे आणि चिन्हे दिसतात. मूळ फाइलीत दुरुस्ती करायची तर जुने सॉफ्टवेअर हवे, आणि त्या सॉफ्टवेअरला लॉक हवा. पुनर्मुद्रणाच्या कामासाठी काही मुद्रकांनी म्हणूनच एखादा जुना संगणक त्याच्यासकट चालता ठेवला आहे. इतर ठिकाणी परिवर्तकाने मजकूर युनिकोडमध्ये आणतात. त्यात रफार पुढच्या अक्षरावर सरकतो, जोडाक्षर तुटते, ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या जागी जाते, आणि मुद्रितशोधकाला मूळ पुस्तक शेजारी ठेवून ओळ न् ओळ तपासावी लागते. तीस वर्षांच्या मराठी पुस्तकांचे हे काम अजून पुष्कळ बाकी आहे.