मधपेटीचा रंग आणि दुकानातील यतना

मध वर्ज्य मानणाऱ्या घरांना मधपेटीशी काय कर्तव्य, असा प्रश्न कुणी विचारला तर तो अनाठायी म्हणता येणार नाही. श्रावकाचाराने मद्य आणि मांस यांच्याबरोबर मधही त्याज्य ठरविला आहे आणि ही मर्यादा अनेक कुटुंबांनी पिढ्यानपिढ्या सांभाळली आहे. परंतु व्यापाऱ्याच्या धर्माची कसोटी केवळ ताटात लागत नाही, ती गल्ल्यावरही लागते. छत्रपती संभाजीनगरात रंगाचे, हार्डवेअरचे किंवा शेती-औषधांचे दुकान चालविणाऱ्याकडे शेतकरी मधपेटीसाठी रंग मागू लागला, तर त्या पेटीतील हजारो जीवांचे बरेवाईट दुकानदाराच्या एका शब्दावर ठरू शकते.

शेतकरी पेटी ठेवतो ती केवळ मधासाठी नव्हे. कांद्याचे बी धरायचे असो वा सूर्यफुलाचे दाणे भरायचे असोत, परागीभवनाचे मोठे काम मधमाशी करते. अजिंठ्याच्या कड्यांवर लोंबणारी आग्या माशी उघड्यावर पोळे बांधते. तिला पेटीत ठेवता येत नाही. झाडाच्या ढोलीत, अंधारात राहणारी सातेरी आणि परदेशातून आणलेली मेलीफेरा या दोनच माश्या प्रामुख्याने पेटीत नांदतात. पेटी म्हणजे त्यांच्यासाठी माणसाने केलेली ढोलीच. अमेरिकेतील लँगस्ट्रॉथ यांना 1852 मध्ये हलत्या चौकटींच्या पेटीचे पेटंट मिळाले आणि पोळे न मोडता माश्या सांभाळणे सुकर झाले. आपल्याकडे पुण्यात 1962 पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था या विषयाचे काम करीत आहे.

लाकडी ढोलीला ऊन, पाऊस आणि वाळवी हे तीन शत्रू. रंगाने ऊन-पावसापासून रक्षण होते. वाळवीसाठी मात्र सुतार आणि शेतकरी सहज औषध मागतात, आणि खरा धोका तेथेच आहे. वाळवीसाठी सर्रास वापरली जाणारी क्लोरपायरीफॉस आणि इमिडाक्लोप्रिड ही दोन्ही औषधे मधमाशीला अत्यंत विषारी आहेत. युरोपीय संघाने 2018 मध्ये इमिडाक्लोप्रिडचा उघड्या शेतातील वापर थांबविला, तो माश्यांसाठीच. असे औषध पेटीच्या फळीत मुरले तर ज्या घरात अंडी, अळ्या आणि अन्न आहे त्याच्याच भिंती विषारी होतात. वाळवीनाशक वा बुरशीनाशक मिसळलेले लाकडाचे पॉलिश, तसेच क्रिओसोट, ही द्रव्येही याच कारणाने टाळावीत.

मग लाकूड वाचवायचे कसे? पेटी जमिनीवर न ठेवता लोखंडी स्टँडवर ठेवली की मातीतून चढणाऱ्या वाळवीची वाट बऱ्याच अंशी तुटते. ती वर चढू लागलीच तर नियमित पाहणीत वेळीच दिसते. विषाचे काम अशा प्रकारे चार लोखंडी पायांवर भागते.

रंग फक्त बाहेरून लावावा. आतल्या भिंती, चौकटी आणि माश्यांचे दार यांना ब्रश लागू नये. पाण्यात मिसळणारे, बाहेरच्या भिंतींसाठीचे ॲक्रिलिक इमल्शन, शक्यतो कमी वासाचे, या कामास योग्य. मात्र त्यात कीटकनाशक मिसळलेले नाही, याची डब्यावरील माहिती वाचून खात्री करावी. फुलांचा रस आटविताना माश्या पेटीत बरीच वाफ निर्माण करतात. ऑइल पेंटच्या घट्ट थरापेक्षा इमल्शनमधून ओल सहज बाहेर पडते. लाकडाच्या कापलेल्या टोकांवर आणि सांध्यांवर जादा हात द्यावा, कारण पाणी तेथूनच अधिक शिरते.

ज्यांना रंग नको, त्यांच्यासाठी जवसाचे तेल आहे, म्हणजेच अनेक घरांतील अळसीचे. दुकानातील ‘डबल बॉइल्ड’ तेलात ते लवकर वाळावे म्हणून धातूंचे क्षार घातलेले असू शकतात. पेटीसाठी कच्चे तेल घ्यावे आणि वाळायला पुरेसे दिवस द्यावेत. त्यात मेण मिसळण्याची रीत आहे, पण मेणाशिवायही तेल उपयोगी पडते. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नये. तो आपोआप पेट घेऊ शकतो.

माश्या पिलांच्या पोळ्याचे तापमान 34 ते 35 अंशांच्या आसपास राखतात. मराठवाड्याच्या 40 अंशांपलीकडच्या उन्हात गडद रंगाची पेटी त्यांना पाणी आणून पंख्यासारखे पंख हलवायला लावते. म्हणून पांढरा किंवा फिकट रंग बरा, आणि वर सावली. जवळजवळ ठेवलेल्या पेट्यांच्या दारांवर निळ्या, पिवळ्या, पांढऱ्या खुणा केल्या तर माशी आपले घर ओळखते. तिला तांबडा रंग दिसत नाही. रंगकाम पेटी रिकामी असतानाच करावे आणि वास पूर्ण गेल्यावरच वसाहत आत न्यावी.

शास्त्रकारांनी श्रावकाला निषिद्ध ठरविलेल्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य आहे. रसवाणिज्यही आहे आणि मधाचा व्यापार त्यात मोडतो. पण मध न विकणारा हात वाळवीनाशकाची बाटली पुढे करताना थबकत नसेल, तर पहिला नियम पाळूनही दुसरा निसटतो. गिऱ्हाईक परत पाठविणे प्रत्येक वेळी आवश्यक नसते. ‘हे कशाला लावणार?’ एवढे विचारावे. उत्तर मधपेटी असे आले, तर बाटली फडताळात ठेवून इमल्शनचा डबा द्यावा आणि स्टँडचा उपाय सांगावा. विक्री होतेच, आणि बांधावरची वसाहतही जगते.