वाळवण बडनेऱ्याचं आणि मडगावचं

मे महिन्यात अमरावती-अकोल्याकडच्या गच्च्या कुरड्या, पापड, सांडग्यांनी भरून जातात. ऊन इतकं कोरडं, की वाळवणाला दुसरं काही लागत नाही. त्याच दिवसांत बडनेऱ्याला मडगावची गाडी धरली. अकोला, भुसावळ, इगतपुरी गेलं. पनवेलनंतर १९९८ साली पूर्ण झालेली कोकण रेल्वे लागली आणि खिडकीतली हवा दमट झाली. इथे नुसत्या उन्हावर काय वाळणार?

उत्तर मडगावात पुरुमेंताच्या फेस्तात मिळालं. होली स्पिरिट चर्चच्या परिसरात पावसाळ्याची बेगमी मांडलेली: सुकी मासळी, मिरच्या, सोलं आणि लालभडक चोरीसच्या, म्हणजे गोव्याच्या सॉसेजच्या, माळा. डुकराचं मांस आणि चरबी हाताने बारीक चिरतात, मीठ लावून दाबून पाणी काढतात. मग मिरची, लसूण, आलं, मिरी, दालचिनी, लवंग, वर माडाच्या सुरेचं व्हिनेगर. हे आतड्यात भरायचं, दोऱ्याने गाठी मारायच्या, ऊन द्यायचं आणि चुलीवर टांगून धूर. इटालियन सॉसेजमध्ये बडीशेप-लसूण असते, तिखट प्रकारात लाल मिरची. पण ते बहुतेक ताजंच शिजवून खातात. चोरीसचं सगळं कसब टिकवण्यात आहे.

चर्चच्या जागी पूर्वी दामोदराचं देऊळ होतं. सोळाव्या शतकात ते पाडलं गेलं, देव जांबावलीला गेला. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन आलं, आणि नवख्रिस्ती डुकराचं मांस टाळतो का, याकडेही संशयाने पाहिलं जाई. एवढी सक्ती ज्या खाण्यामागे आहे, ते पुढच्या पिढ्यांनी आपल्या हाताने आपलं करून घेतलं. पोर्तुगीज चोरीसमध्ये द्राक्षाची वाइन. इथल्या लोकांनी माडाच्या सुरेचं व्हिनेगर आणलं. मला यात गोव्याच्या माणसांचा मोठा पराक्रम दिसतो, आणि त्याची नोंद देवळा-चर्चांच्या इतिहासाइतकीच व्हायला हवी.

माळ विकणाऱ्या बाईंनी बजावलं, "तेल घालू नका. कांदा आणि थोडं पाणी, बाकी चरबीच सुटते." कुठे नेणार, विचारलं. अकोला म्हटल्यावर त्यांनी माळ मागे ओढली. "एवढ्या उन्हात? चरबी वाटेतच वितळेल. पाऊस लागल्यावर या."

मग शेजारच्या खानावळीत चोरीस-पाव मागवला. आंबट, तिखट, धुरकट. पाव सुटलेल्या चरबीने लाल झालेला. दुसराही मागवला.