लुआंग प्रबांगचे पान

देश ओळखावयाचा तर आधी त्याची मंदिरे पाहावीत, असे म्हणतात. लाओसच्या बाबतीत मात्र, वाचकहो, आपण प्रथम तेथील पानावर बसावे, असे मी सुचवीन. मेकाँग आणि नाम खान या नद्यांच्या संगमावर वसलेले लुआंग प्रबांग हे या देशाचे जुने राजनगर. १९९५ साली युनेस्कोने त्याची गणना जागतिक वारशात केली. तेथील नदीकाठच्या एका साध्या भोजनगृहात या अन्नाशी माझा पहिला परिचय झाला.

प्रथम समोर येते ती झाकणाची, बांबूची विणलेली टोपली. आत वाफाळता भात असतो. पण त्यावर वरण वाढून घेण्याचा विचार आपण मनातून काढून टाकावा. हा चिकट भात, 'खाव न्याव'. तांदूळ रात्रभर भिजवून, निमुळत्या बुडाच्या टोपलीत, केवळ वाफेवर शिजवितात. अमायलोज हे पिष्टद्रव्य त्यात जवळजवळ नसते. म्हणून शिते एकमेकांना सोडीत नाहीत. बोटांनी लहानशी गोळी वळावी आणि चटणीला लावून तोंडात घालावी. हाताने जेवणाऱ्या आपणांस हे शिकवावे लागत नाही. आसामातील बोरा तांदूळ याच स्वभावाचा आहे.

भाताबरोबर आला 'लाप': बारीक चिरलेले मांस, लिंबाचा रस, पुदिना आणि भाजून कुटलेल्या तांदळाची खमंग पूड. मागोमाग खलात कुटलेली कच्च्या पपईची कोशिंबीर आली. मिरची आणि पपई ही दोन्ही मूळची अमेरिका खंडातील. पण आपल्याप्रमाणेच लाओसनेही ती घरचीच करून टाकली आहेत. या कोशिंबिरीत 'पादेक' असतो. मासे, मीठ आणि तांदळाचा कोंडा मडक्यात महिनोन् महिने मुरवून तो करतात. त्याचा वास उग्र खरा. परंतु सुकटीच्या वासात वाढलेल्या कोकणी माणसाला तो परका वाटू नये. शाकाहारी वाचकांनी मात्र आधी चौकशी करावी. तीळ पेरून वाळविलेले व तळलेले नदीचे शेवाळ रुचकर लागते. पण सोबतच्या तिखट चटणीत बहुधा म्हशीचे कातडे असते!

या पाककृती टिकल्या कशा, हेही जाणून घेण्यासारखे आहे. फिया सिंग हे येथील राजवाड्याचे मुख्य आचारी. १९६७ साली ते निवर्तले, परंतु त्यांनी आपल्या पाककृती वह्यांत लिहून ठेवल्या होत्या. १९७४ साली युवराजांनी त्या वह्या ब्रिटिश राजदूत अॅलन डेव्हिडसन यांच्या हाती दिल्या. पुढल्याच वर्षी राजेशाही संपली. पुढे राजा आणि युवराज बंदिवासात गेले. राजवाड्याचे आता संग्रहालय झाले आहे. तेथे राजासाठी चूल पेटत नाही. वह्या मात्र १९८१ साली इंग्रजी भाषांतरासह ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या.

राज्याच्या उलथापालथीतून जे वाचले, ते एका आचाऱ्याने वेळीच लेखणी उचलली म्हणून. आपल्या घरीही आजीच्या हातचे असे काही पदार्थ असतील, ज्यांचे प्रमाण केवळ तिच्या मुठीला ठाऊक आहे. आपण ते लिहून घेतले आहे का?