होडी कुठे बांधावी?

‘डिंगी’ हा शब्द इंग्रजी कोशात आता इतका रुळला आहे की तो आपल्याकडून तिकडे गेला, असे वर्गात सांगितले तर मुले थोड्या अविश्वासानेच पाहतात. हिंदी-बंगालीतली डिंगी म्हणजे नदीतली लहान नाव. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती इंग्रजीत शिरली, आणि ‘ग’चा उच्चार ‘ज’ होऊ नये म्हणून पुढे तिच्या अंगात एक ‘एच’ घुसवण्यात आला. मोठ्या नावेची सेवा करणारी लहान नाव, असा अर्थ तिला तिकडे चिकटला. मराठीने हा शब्द फारसा जवळ केला नाही. आपल्याकडे होडी आहे आणि डोण आहे. डोण मला विशेष प्रिय. संस्कृत ‘द्रोणी’शी नाते सांगणारा हा शब्द गुरांना पाणी पाजायच्या कुंडीलाही चालतो आणि ओंडका कोरून केलेल्या नावेलाही. पाणी आत ठेवायचे की बाहेर, एवढाच काय तो फरक.

आमचे मलकापूर घाटावरचे. कोल्हापूरहून निघालेली गाडी इथून आंबा घाटाकडे जाते आणि साखरपा, पाली, हातखंबा करीत रत्नागिरीला समुद्राला भिडते. आमच्यापर्यंत समुद्र येतो तो मासळीच्या टोपलीतून. तेव्हा शिडाच्या बोटीवर लहान होडी कशी वाहून न्यावी, या प्रश्नावर मी काही लिहीन असे कोणाला, निदान मला, वाटले नसते. आपल्या कवितेत नौका भरपूर आहेत, भवसागर आहे, पैलतीर आहे, नावाडी तर आहेच आहे. पण पैलतीर आल्यावर मोठी नाव उथळ पाण्यात जात नाही, मग उतरायचे कसे, हा प्रश्न आपल्या संतांना किंवा कवींना पडलेला मला तरी आठवत नाही.

तो प्रश्न माझ्या भाच्याला पडला. तो इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर नोकरी करतो. काही वर्षांपूर्वी त्याने एकतीस फुटांची जुनी शिडाची बोट घेतली. आता पत्नी आणि नऊ वर्षांची मुलगी यांच्यासह बिस्केचा उपसागर ओलांडून स्पेनच्या वायव्येला, गलिसियाच्या खाड्यांमध्ये, एक उन्हाळा काढायचा असा त्यांचा बेत. रोज धक्क्याला जागा घेणे परवडणारे नाही. म्हणजे खाडीत नांगर टाकून राहायचे. असे राहिले की किनाऱ्याशी संबंध उरतो तो होडीपुरता. भाजी, पिण्याचे पाणी, डिझेल, वेळ आलीच तर डॉक्टर, सगळे तिच्यातून.

माझ्या बहिणीने मला फोन केला तो मात्र वेगळ्या काळजीने. “दादा, तुझं तो ऐकतो. ती होडी कुठं बांधणार आहे ते नीट विचार. बोट बुडाली तर होडी तरी हाताशी पाहिजे ना रे?” या एका वाक्यात सगळा गुंता आहे असे मला आज वाटते.

भाच्याने मला चित्रे काढून पाठवली. (लहानपणी तो माझ्याकडे निबंध तपासायला आणत असे, आता होडीच्या जागा तपासायला पाठवल्या.) पहिली रीत सर्वांत स्वस्त: होडी दोराने मागे ओढत न्यायची. खाडीत, तासा-दोन तासांच्या प्रवासाला हे ठीक. पण होडी पाण्याला धरून राहते, बोटीचा वेग खाते. आणि मागून मोठ्या लाटा येऊ लागल्या की तीच होडी लाटेवरून घसरत येऊन बोटीच्या पिछाडीवर आदळते, किंवा पाण्याने भरून दोर तोडते. खुल्या समुद्रात होडी ओढणारे बरेच लोक शेवटी दोराचे टोक तेवढे घेऊन बंदरात येतात.

दुसरी रीत देखणी आहे. पिछाडीला दोन वाकलेले धातूचे हात, त्यांना डेव्हिट म्हणतात, आणि त्यांवर लटकवलेली होडी. रात्री होडी उचलून ठेवली की चोरीची भीती नाही, सकाळी दोन मिनिटांत पाण्यात. बंदरात उभ्या असलेल्या बोटींच्या छायाचित्रांत हेच चित्र सर्वाधिक दिसते, कारण छायाचित्रे बंदरातच काढली जातात. वादळात मागून आलेली एक लाट या लटकत्या होडीत भरली तर शेकडो लिटर पाणी, म्हणजे तितक्याच किलोंचे ओझे, त्या दोन हातांवर येते. म्हणून लटकवताना होडीच्या तळाचे बूच काढून ठेवायचे असते. पण मोठ्या लाटेला बुचाच्या भोकातून निघून जाण्याइतकी सवड कुठली? शिवाय भाच्याच्या बोटीला वाऱ्यावर चालणारे सुकाणूचे यंत्र पिछाडीलाच बसवलेले. दोन-तीन माणसांच्या बोटीवर रात्रंदिवस सुकाणू धरणारा तो न जेवणारा खलाशी. होडीसाठी त्याची जागा घेणे शहाणपणाचे नव्हे.

तिसरी रीत म्हणजे हवेची होडी हवा काढून, गुंडाळून, कपाटात ठेवणे. चौथी म्हणजे कडक होडी डोलकाठीच्या पुढे डेकवर उलटी घालून घट्ट बांधणे. उलटी, कारण तसे केले की तिच्यात पाणी साठत नाही. पण एकतीस फुटी बोटीवर डोलकाठी आणि नाळ यांच्यामध्ये जागा असते ती किती! होडी मावली तर पुढचे झडप दबते, आणि नांगराचे काम करणाऱ्याला पाय ठेवायला जागा उरत नाही.

ही चित्रे पाहताना मला जोशुआ स्लोकम आठवला. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा हा पहिला माणूस, १८९५ मध्ये बॉस्टनहून निघाला, १८९८ मध्ये न्यूपोर्टला परतला. त्याचे प्रवासवर्णन १९०० साली पुस्तकरूपाने आले. ‘स्प्रे’ ही त्याची बोट सुमारे सदतीस फुटांची. तिच्यावर पूर्ण होडी ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्याने एक टाकून दिलेली ‘डोरी’ घेतली, मधोमध आडवी कापली आणि कापलेल्या बाजूला फळ्या ठोकल्या. मुळीच होडी नसण्यापेक्षा अर्धी बरी, आणि अर्धी एकट्याला उचलताही येते, असा साधा हिशोब. हीच अर्धी होडी डेकवर त्याची कपडे धुण्याची कुंडी आणि न्हाणीघर झाली. सामोआतल्या धोबिणीला ती इतकी आवडली की ती मागतच राहिली, असे तो मिस्कीलपणे लिहितो. डोण या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच वस्तूत असे क्वचितच भेटतात.

स्लोकम शिकवताना आपण, साहित्याचे शिक्षक, एवढ्यावर हसून पुढे जातो. पण १८९५ च्या डिसेंबरात उरुग्वेच्या किनाऱ्यावर ‘स्प्रे’ वाळूत रुतली तो प्रसंग त्या हसण्याला लागून वाचायला हवा. बोट ओढून काढण्यासाठी खोल पाण्यात नांगर टाकून येणे आवश्यक होते. त्याने नांगर आणि दोर त्या अर्ध्या होडीत भरले. ओझे जास्त, होडी गळकी. नांगर पाण्यात पडला आणि होडी उलटली. तिची कड धरून लटकत असताना आपल्याला पोहता येत नाही हे त्याला आठवले. सरळ करायला जावे तर ती पुन्हा उलटे. तीनदा तो पाण्याखाली गेला. कपडे धुण्याला जी होडी उत्तम ठरली, तिच्यावर जीव टांगायची वेळ आली तेव्हा ती अर्धीच होती.

हे वाचताना मला आमच्या जिल्ह्यातली काहील दिसते. काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची भलीमोठी कढई. महापुरात वाड्या तुटल्या की पंचगंगा-कृष्णेच्या काठची माणसे तिलाच नाव करतात. तिच्यातून दूध आले, औषध आले, लेकुरवाळ्या बायका बाहेर आल्या, याचे कौतुक आपण करतो आणि ते रास्तही आहे. पण ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला काय झाले तेही आपल्याला ठाऊक आहे. चारी बाजूंनी पाणी वाढत होते, गावात एक बोट होती, तिच्यात पेलवतील त्याहून अधिक माणसे चढली आणि ती उलटली. त्या माणसांना दोष देण्याची माझी छाती नाही. नेहमीच्या कामाची होडी अखेरच्या क्षणी समोर दिसते, तेव्हा तिच्यात न बसणारा कोण?

म्हणून बहिणीचा प्रश्न मला खुपत राहिला. होडी हाताशी असली की बोट बुडाली तरी चालेल, हा तिचा दिलासा. प्रत्यक्षात ज्या समुद्रात एकतीस फुटी बोट बुडते त्या समुद्रात आठ फुटी होडी पाण्यात सोडणेच जवळपास अशक्य, आणि सोडली तरी ती उलटण्याचीच शक्यता अधिक. त्या प्रसंगासाठी लाइफ राफ्ट नावाचा वेगळाच तराफा असतो. तो डब्यात बंद राहतो, दोर ओढला की दाबलेल्या वायूने फुगतो, वर छत असते, खाली पाणी भरून स्थिर करणाऱ्या पिशव्या असतात. तो वल्हवत भाजी आणायला जाता येत नाही. एक किनाऱ्याला नेण्यासाठी, दुसरा किनारा नसताना टिकून राहण्यासाठी.

आपल्याकडच्या अलीकडच्या प्रवासांतही हा भेद स्पष्ट दिसतो. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’तून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये चार बंदरांत थांबत प्रदक्षिणा केली, अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये त्याच बोटीतून कुठेही न थांबता फिरून आले. न थांबणाऱ्याला किनाऱ्यावर जायची होडी कशाला लागेल? त्याला तराफा मात्र लागतो. टॉमी २०१८ मध्ये ‘थुरिया’तून पुन्हा निघाले. (ही बोट ‘सुहैली’ची प्रतिकृती, आणि मूळ ‘सुहैली’, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनची, मुंबईत सागवानात घडवलेली.) सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरात ‘थुरिया’ उलटली, डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीला जबर दुखापत झाली. त्यांना चालताही येत नव्हते. २४ सप्टेंबरला त्यांना ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने वाचवले, आणि जहाजातून त्यांच्यापर्यंत जी पोचली ती एक लहान हवेची होडी होती. खवळलेल्या समुद्रात ती सोडण्यासाठी मागे मोठे जहाज आणि सरावलेले खलाशी होते. वाचवणारी होडी बहुधा दुसऱ्याच्या जहाजावरून येते.

मी भाच्याला एवढेच लिहिले की आधी तराफ्याची जागा ठरव, होडीला उरलेली दे. तराफा सुकाणूपासून चार हातांवर, बायकोला एकटीला ओढता येईल असा. होडी गुंडाळून ठेवायची, बिस्के ओलांडेपर्यंत तिचे नाव काढायचे नाही. त्याचे उत्तर आले: “मामा, तुमचं तराफ्याचं शंभर टक्के बरोबर. पण हवेची होडी वाऱ्याविरुद्ध वल्हवून बघा एकदा! पानासारखी उडते. रात्री नांगर सरकला आणि दुसरा नेऊन टाकायचा झाला तर मला कडक होडीच पाहिजे.” अर्थात तो स्लोकमच्याच प्रसंगाबद्दल बोलत होता.

शेवटी त्याने दोन तुकड्यांची होडी केली. प्लायवूडची, पुढचा अर्धा भाग मागच्या अर्ध्यात बसतो, पाण्यात दोन्ही भाग बोल्टांनी जोडायचे. डोलकाठीपुढे उलटी बांधली की पुढचे झडप पूर्ण नाही, पण वीतभर उघडते. मला ती वीत पुरेशी वाटत नाही. आत आग लागली तर मुलगी तिथून बाहेर येईल का, एवढा एकच प्रश्न मी धरून बसलो आहे, आणि तो बोल्टांची जागा चार बोटे मागे सरकवता येते का ते पाहतो आहे. डेव्हिट त्याने विकून टाकले.

बहिणीला सांगायचे काम माझ्याकडे आले. मी तिला फोनवर सांगितले की होडी भाजी आणायला आहे, जीव वाचवायला दुसरी वस्तू आहे, आणि ती त्याने घेतली आहे. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, “ती दुसरी कधी उघडून बघितलीय का त्यानं?” तराफा उघडून बघता येत नाही, तो ठरावीक मुदतीने तपासणी केंद्रात नेऊन तपासून घ्यावा लागतो, असे मी म्हणालो. “मग ती तारीख विचार,” ती म्हणाली. मी विचारली आहे.